वस्त्रकलांवरची टपाल कव्हरं जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठणी, इरकल, पटोला, कलमकारी अशा विणकामाच्या, छपाईच्या आणि भरतकामाच्या परंपरांवर भारतीय टपाल खात्याची कव्हरं, म्हणजे खास छापलेली आणि शिक्का मारलेली पाकिटं, निघत असतात. ती जमवणाऱ्यांचे आणि जमवायला निघालेल्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढे जरा अडचणीचे येतात. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पेशल कव्हर आणि फर्स्ट डे कव्हर एकच का?

नाही. नवं तिकीट प्रकाशित होतं त्या दिवशी त्या तिकिटासाठी छापलेलं पाकीट, त्यावर तेच तिकीट आणि पहिल्या दिवसाचा शिक्का, हे फर्स्ट डे कव्हर. २००९ मध्ये पारंपरिक भारतीय वस्त्रांवर चार तिकिटांचा संच निघाला होता: कलमकारी, आपातानी विणकाम, कांचीपुरम रेशीम आणि बनारसी रेशीम. त्याच्यासोबत आलेलं पाकीट फर्स्ट डे कव्हर.

स्पेशल कव्हरमध्ये नवं तिकीट निघत नाही. एखादी कला, संस्था, जागा किंवा प्रसंग यांच्या सन्मानासाठी एखाद्या टपाल सर्कलच्या (टपाल खात्याच्या बहुधा राज्यवार असलेल्या विभागाच्या) मंजुरीने पाकीट छापलं जातं, त्यासाठी खास चित्रशिक्का बनतो आणि आधीपासून वापरात असलेलं एखादं तिकीट लावून त्यावर तो शिक्का मारला जातो. तो शिक्का बहुधा एकाच दिवसाचा आणि एकाच टपाल कार्यालयाचा असतो. म्हणजे फर्स्ट डे कव्हरमध्ये मान तिकिटाचा, स्पेशल कव्हरमध्ये शिक्क्याचा. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तिसरा प्रकार खाजगी कव्हरांचा. एखादी संस्था किंवा हौशी संग्राहक स्वतः पाकीट छापून त्यावर नेहमीचा टपाल शिक्का मारून घेतो. ती वाईट नसतात, पण वहीत त्यांची नोंद वेगळी ठेवा.

२. गेल्या काही वर्षांत वस्त्रांवरची इतकी कव्हरं कशी काय निघाली?

मोठं कारण भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय: ठरावीक प्रदेशाशी जोडलेल्या वस्तूच्या नावाला मिळणारं कायदेशीर संरक्षण. त्याचा कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून, नोंदणी कार्यालय चेन्नईत. जीआय मिळालेल्या वस्तूंमध्ये हातमाग आणि हस्तकला मोठ्या संख्येने आहेत. २०२१ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाच्या निमित्ताने देशभरातल्या सर्कलांनी जीआय वस्तूंवर एकापाठोपाठ स्पेशल कव्हरं काढली आणि त्यात साड्या, शाली, छपाई, भरतकाम यांना चांगली जागा मिळाली.

दुसरं निमित्त ७ ऑगस्टचं. १९०५ साली याच तारखेला कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये स्वदेशीची चळवळ जाहीर झाली. त्याची आठवण म्हणून २०१५ पासून हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. ऑगस्टच्या सुरुवातीला सर्कलांच्या घोषणांवर नजर ठेवावी ती यासाठी.

३. ही कव्हरं मिळतात कुठे? पीडीए उघडला की सगळी घरी येतील का?

मोठ्या शहरांतल्या जीपीओंमध्ये किंवा मुख्य टपाल कार्यालयांमध्ये फिलाटेलिक ब्युरो, म्हणजे तिकीटसंग्राहकांसाठीचा विभाग असतो. आपल्याकडे महाराष्ट्र-गोव्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी इथे आहेत. इतर अनेक मुख्य कार्यालयांत फिलाटेलीचा स्वतंत्र काउंटर असतो. ब्युरोत २०० रुपये भरून फिलाटेली डिपॉझिट अकाउंट, म्हणजे पीडीए उघडता येतो. तुम्ही मागणी नोंदवून ठेवायची, निघालेलं साहित्य खात्यातून पैसे वजा होऊन तुमच्याकडे येतं.

पण पीडीएचा मुख्य भर देशपातळीवर निघणाऱ्या साहित्यावर असतो: तिकिटं, मिनिएचर शीट (तिकिटांचा छोटा, सजवलेला ताव), फर्स्ट डे कव्हर, माहितीपत्रकं. स्पेशल कव्हर काढणार सर्कल. त्यामुळे आसाममध्ये मुगा रेशमावर निघालेलं कव्हर तुमच्या पुण्याच्या खात्यातून आपोआप येईल, असं धरून चालू नका. खातं उघडतानाच विचारा: या सर्कलची स्पेशल कव्हरं मिळतील का, बाहेरच्या सर्कलची मागवता येतील का? बाहेरच्या कव्हरांसाठी खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे देवाणघेवाण. ओडिशात किंवा गुजरातेत एखादा संग्राहक मित्र जोडा. तो तिथलं एक जास्तीचं घेईल, तुम्ही इथलं घ्या.

४. इरकल आणि खणावरचं कव्हर महाराष्ट्र सर्कलमध्ये सापडत नाही. असं का?

कारण ही दोन्ही वस्त्रं आपल्या घरोघरी असली तरी त्यांचं गाव कर्नाटकात आहे. इरकल म्हणजे इळकल, आणि खण मुख्यतः गुळेदगुड्डचा. दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यात. म्हणून शोध कर्नाटक सर्कलमध्ये घ्या आणि नाव ‘इळकल’ किंवा ‘गुळेदगुड्ड खण’ असं टाका.

उलट गोव्याच्या कुणबी साडीसाठी महाराष्ट्र सर्कलकडेच पाहावं लागतं, कारण टपालाच्या रचनेत गोवा याच सर्कलखाली येतो. राज्यांच्या आणि टपालाच्या सीमा सगळीकडे जुळत नाहीत. सर्कलांची यादी आणि जिल्ह्यांचा नकाशा शेजारी ठेवून शोधलं की बराच वेळ वाचतो.

५. सुरुवात कशी करू? दिसेल ते घेत जाऊ का?

पहिली दहा-बारा घ्या दिसतील तशी, हात बसायला. त्यानंतर मात्र एक धागा पकडा. राज्यवार मांडणी सगळ्यांना सुचते आणि ती सगळ्यांत कंटाळवाणी होते, कारण तिच्यात एका कव्हराचं शेजारच्या कव्हराशी काही नातं राहत नाही. तंत्रावरून मांडणी करा.

इकत, म्हणजे विणण्याआधीच धागा बांधून रंगवण्याचं तंत्र घ्या. पाटणच्या पटोल्यात ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवतात आणि विणताना नक्षी जुळवून घेतात. पोचमपल्ली आणि संबलपुरी यांचं घराणं तेच, पण रंगवण्याच्या पद्धती आणि आकार वेगळे. ही तीन कव्हरं एका पानावर आली की गुजरात, तेलंगणा, ओडिशा ही नावं मागे पडतात आणि धागा रंगवण्याची एक कल्पना किती दूरवर पसरली आहे ते दिसू लागतं. त्यांच्याशेजारी बांधणीचं कव्हर ठेवलंत तर फरक आणखी उठून दिसेल, कारण तिथे बांधतात ते विणून झालेलं कापड.

काठावरूनही मांडणी होते. विदर्भातल्या टसरच्या करवती साडीचा करवतीच्या दातांसारखा काठ, पैठणीचा नारळी काठ, कांचीपुरमचा वेगळ्या रंगाचा काठ आणि अंग एकत्र विणण्याची रीत. काठ आणि अंग यांचा सांधा कसा जोडला आहे, या एका प्रश्नाभोवती पूर्ण अल्बम उभा राहू शकतो. मला स्वतःला ही मांडणी सगळ्यांत आवडते. विणकराचं कसब सांध्यात कळतं आणि कव्हरं काढणारे मात्र बहुतेक वेळा पदरच दाखवतात. सांधा दाखवणारं कव्हर मिळालं तर सोडू नका.

६. कव्हरवर साडीचं चित्र आहे, पण तिकीट भलत्याच विषयाचं. कव्हर खोटं आहे का?

नाही. स्पेशल कव्हरसाठी वापरातलं कुठलंही तिकीट चालतं (प्रश्न १). बरेचदा साध्या पत्राच्या दराइतकं, म्हणजे ५ रुपयांचं नेहमीच्या मालिकेतलं तिकीट लावलेलं दिसतं. आयोजक कल्पक असतील तर ते विषयाला जुळणारं तिकीट शोधतात, उदाहरणार्थ २०१९ च्या भारतीय भरतकामांच्या संचातलं. असं कव्हर नक्कीच अधिक देखणं, पण साधं तिकीट असणं हा दोष नाही.

‘माय स्टॅम्प’ लावलेल्या कव्हरांबाबत लक्ष द्या. तिथे तिकिटाला जोडून एक चित्रपट्टी असते आणि साडीचं चित्र त्या पट्टीवर असतं. पट्टी म्हणजे तिकीट नव्हे. वहीत ‘पैठणीचं तिकीट’ अशी नोंद करू नका.

७. शिक्का कसा वाचायचा? चांगला शिक्का कोणता?

भिंग घ्या आणि चार गोष्टी शोधा: तारीख, टपाल कार्यालयाचं नाव, पिन कोड आणि मधलं चित्र. पाकिटावर मागे छापलेली विमोचनाची तारीख आणि शिक्क्यातली तारीख जुळायला हवी. कार्यालयाचं नाव तर फार बोलकं असतं. येवल्याच्या विणकामावरचं कव्हर येवल्याच्या कार्यालयातून निघालं की मुंबईतल्या समारंभात, हे तिथेच कळतं. कव्हर जिथे माग चालतात तिथून निघालं असेल तर माझ्या लेखी त्याचं मोल जास्त.

शिक्का निम्मा तिकिटावर आणि निम्मा पाकिटावर पडलेला असावा. त्यामुळे हे तिकीट याच पाकिटावर याच दिवशी होतं, याची साक्ष मिळते. पूर्ण गोल दिसणारा, शाई न फुटलेला आणि अक्षरं भरून न गेलेला ठसा म्हणजे उत्तम. वस्त्रांच्या शिक्क्यांत बारीक नक्षी असल्यामुळे शाई जास्त झाली की मोराच्या पिसाऱ्याचा काळा ठिपका होऊन बसतो. काउंटरवर उभे असाल तर दोन-तीन प्रती पाहून त्यातली एक निवडायची विनंती नम्रपणे करा. बहुतेक कर्मचारी मनापासून मदत करतात. शाई ओली असताना पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, एक दिवस टीपकागदाखाली राहू द्या.

८. कव्हरवरचं वस्त्राचं चित्र बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न अलीकडे वाढला आहे, याचा आनंद आहे. चित्रकार छायाचित्रावरून काम करतो आणि ते छायाचित्र हातमागाच्या वस्त्राचंच असेल असं नाही. म्हणून वस्त्राची खूण काय ते आधी माहीत करून घ्यावं.

पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी असते आणि विणकर ती उभ्या धाग्यांतून तेवढ्याच जागेपुरती हाताने गुंतवत जातो. म्हणून बांगडी मोर किंवा मुनिया (पोपट) अशी नक्षी अगदी जवळून पाहिली तर तिची कड गुळगुळीत गोल नसते, बारीक पायऱ्यापायऱ्यांनी वळते. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत नाहीत, नक्षी दोन्हीकडून जवळजवळ सारखीच दिसते. कव्हरवर पदराचं मोठं छायाचित्र असेल तर या पायऱ्या भिंगातून दिसायला हव्यात. मोर अगदी वळणदार, रेखीव असेल तर ती जकार्डची (नक्षीसाठी मागावर यंत्र बसवून विणलेली) किंवा छापील साडी असण्याचा संशय घ्यावा.

इकतमध्ये नेमकं उलटं पाहायचं. धागा आधी रंगवलेला असल्यामुळे आकाराच्या कडा किंचित पसरलेल्या, पिसासारख्या असतात. त्या कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर चित्र छापील कापडावरून घेतलं असण्याची शक्यता धरा.

कलमकारीत नावावरून घोटाळा होतो. श्रीकाळहस्तीची कलमकारी कलमाने हाताने काढतात, मछलीपट्टणमची लाकडी ठशांनी छापतात. दोघांना वेगवेगळं जीआय आहे. कव्हरवर नुसतं ‘कलमकारी’ लिहिलेलं असेल तर चित्रात एकच आकार हुबेहूब पुन्हा पुन्हा येतो का ते पाहा. येत असेल तर ठसा, प्रत्येक वेळी रेघ थोडी बदलत असेल तर कलम.

चूक सापडली म्हणून कव्हर टाकून देऊ नका. पानावर चुकीची नोंद करा, पुढच्या माणसाला तिचा उपयोग होतो.

९. जीआयचं कव्हर निघालं म्हणजे दुकानातली त्या नावाची साडी अस्सल समजायची का?

अजिबात नाही. कव्हर हा कलेचा सन्मान आहे, मालाचं प्रमाणपत्र नाही. साडी घेताना पाहायच्या खुणा वेगळ्या: रेशमासाठी सिल्क मार्क, हातमागासाठी हँडलूम मार्क, २०१५ पासून इंडिया हँडलूम ब्रँड, आणि जीआयच्या नोंदीतल्या अधिकृत वापरकर्त्याचं नाव.

१०. काही कव्हरांवर खऱ्या कापडाचा तुकडा चिकटवलेला असतो. ती कशी सांभाळायची?

वेगळी, सपाट आणि एकावर एक न रचता. धोका कापडापेक्षा गोंदाचा जास्त. वर्षांनी तो पिवळा पडतो आणि डाग समोरच्या बाजूला उमटतो. तुकडा सोडवून पुन्हा चिकटवण्याचा उद्योग करू नका. मागे आम्लरहित जाड कागद द्या आणि पिशवी अशी घ्या की कापड दाबलं जाणार नाही. तुकड्यात जरीचे धागे असतील तर आणखी जपा. चांदीचा अंश असलेली जरीची तार हवेतल्या गंधकाने काळी पडते आणि रबर बँड, साधा पुठ्ठा, काही प्रकारचे गोंद यांतून तसे वायू निघत राहतात. त्या डब्यात रबराची कुठलीच वस्तू नको.

याच कुळातली एक मोलाची वस्तू म्हणजे २०११ मध्ये इंडिपेक्स या तिकीट प्रदर्शनाच्या वेळी निघालेलं गांधीजींचं १०० रुपयांचं तिकीट. ते खादीच्या कापडावर छापलं आहे. वस्त्रांच्या संग्रहात ते असावंच, कारण इथे वस्त्र हा नुसता विषय राहिलेला नाही, तिकीटच वस्त्राचं आहे. ते पाण्यात घालू नका, घडी घालू नका आणि कडेचे धागे सुटताना दिसले तर कात्री लावू नका. त्याच्याशेजारी १९६९ च्या गांधी जन्मशताब्दी संचातलं चरख्याचं तिकीट ठेवा, ते पान फार छान दिसतं.

११. पावसाळ्यात कव्हरांची झाकणं चिकटली, काहींवर तांबूस ठिपके आले. काय करू?

चिकटलेलं झाकण ओढू नका, वाफ तर मुळीच देऊ नका, कारण वाफेने शिक्क्याची शाई पसरते. कोरडे दिवस आले की पातळ, बोथट पट्टी एका कोपऱ्यातून हळू सरकवून पाहा. सुटलं नाही तर तसंच राहू द्या. पुढच्या वर्षासाठी प्रत्येक झाकणाखाली आम्लरहित पातळ कागदाची पट्टी आत्ताच घाला.

तांबूस ठिपके बुरशीचे किंवा कागदातल्या लोहकणांचे असतात. घरच्या घरी ते काढू नका, ब्लीच तर लांबच. ती कव्हरं इतरांपासून वेगळी करा, म्हणजे बुरशी पसरणार नाही. पिशव्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पिशव्या शाई आणि तिकिटाचा रंग ओढून घेतात. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. सिलिका जेलच्या पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्या. अल्बम उभे ठेवा, भिंतीला टेकवू नका. लॅमिनेशन, सेलोटेप, स्टेपलर यांपैकी काहीही नको. आणि वर्षातून दोनदा प्रत्येक पान स्वतः उलटून पाहा, यासारखा दुसरा उपाय नाही.

१२. कव्हर कोरं ठेवावं की पत्ता लिहून पोस्टात टाकावं?

दोन प्रती मिळत असतील तर एक ठेवा, एक पाठवा. लावलेलं तिकीट पत्राच्या दराला पुरेसं असेल तर ते साध्या पत्रासारखं जातं, कमी असेल तर वर तिकीट लावा. पोहोचल्याचा शिक्का मागे पडला तर तो प्रवासाचा पुरावा. वाटेत कोपरे दुमडतात, ठसे पडतात, हे मात्र मान्य करूनच पाठवा. मला प्रवास केलेली कव्हरं जास्त आवडतात. पत्ता पेन्सिलने नको, पुसट होतो.

१३. विणकराची सही कव्हरवर घेतली तर किंमत कमी होते का?

स्पर्धेच्या दृष्टीने सहीने काही वाढत नाही (प्रश्न १६). तरीही घ्या. या कव्हरांवर कलेचं नाव असतं, गावाचं असतं, प्रायोजकाचं हमखास असतं. ज्या हातांनी ते वस्त्र विणलं त्यांचं नाव क्वचितच असतं. सही मागच्या बाजूला, शिक्क्यापासून दूर, न पसरणाऱ्या शाईने घ्यावी. बॉलपेन जोरात दाबलं तर समोर उठाव येतो, म्हणून खाली कठीण पृष्ठभाग हवा. सहीसोबत तारीख, गाव आणि त्या वेळी मागावर काय विणणं चालू होतं ते पानावर लिहा. कुणाला कव्हरवर सही करायची नसेल तर वेगळ्या कार्डावर घ्या. नाव कुठे दाखवणार असाल तर आधी विचारा.

१४. पुढे किंमत वाढेल का? ऑनलाइन खूप महाग दिसतात.

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. कव्हर कमी संख्येने छापलं म्हणजे दुर्मीळ, असं विक्रेते सांगतात, पण मागणाऱ्यांची संख्याही कमीच असते. भाव ठरतो तो घेणारे किती यावर. ऑनलाइन मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष विकला गेलेला भाव यांत बरंच अंतर असतं, दुसरा पाहा. नुकतंच निघालेलं असेल तर त्या सर्कलच्या ब्युरोत आधी विचारा, अनेकदा शिल्लक असतं. महागडं एक घेण्याऐवजी त्याच पैशांत पाच साधी आणि तुमच्या धाग्यात बसणारी कव्हरं येतात (प्रश्न ५).

१५. एकाच कव्हरच्या दोन प्रती आहेत, एकीवर शिक्काच नाही. ती अस्सल का?

पाकीट अस्सल असू शकतं. काही पाकिटं शिक्क्याविना बाहेर येतात. पण शिक्का नसेल तर स्पेशल कव्हर म्हणून ते अपुरं आहे, कारण ज्याच्यासाठी ते निघालं तेच त्यावर नाही. जोड म्हणून ठेवा, पूर्ण किंमत देऊ नका.

याहून सावध राहायचं ते मागाहून तयार केलेल्या प्रतींबाबत. शिक्का छपाई यंत्राने पाकिटासोबतच छापलेला असेल तर भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हाताने मारलेल्या शिक्क्यात शाई कमी-जास्त असते आणि ती तिकिटाच्या दातेरी कडेवरून पाकिटावर उतरताना किंचित तुटते. तिकिटाच्या कडेला शिक्क्याची रेघ नीट जुळत नसेल तर तिकीट नंतर बदललेलं असण्याची शक्यता धरा.

१६. ही कव्हरं प्रदर्शनात स्पर्धेसाठी मांडता येतात का?

येतात, पण फक्त याच कव्हरांच्या जोरावर विषयवार गटात फार पुढे जाता येत नाही. तिथे परीक्षक तिकीट आणि शिक्का पाहतात. पाकिटावर छापलेल्या सुंदर चित्राला, म्हणजे कॅशेला, ते टपाल साहित्य मानत नाहीत. तुमचा शिक्का विषयाला धरून असेल तर कव्हर चालेल, तिकीटही जुळत असेल तर आणखी चांगलं, पण फक्त चित्र जुळत असेल तर ते पान कमजोर पडतं. म्हणून अशा मांडणीत तिकिटं, टपाल खात्याची छापील पाकिटं आणि कार्डं, जुने शिक्के, प्रत्यक्ष टपालात फिरलेली पत्रं यांचा आधार घ्यावा आणि स्पेशल कव्हरं मोजकी घालावी. एका फ्रेममध्ये ए४ आकाराची सोळा पानं बसतात, त्या हिशोबाने गोष्ट बेतावी.

वस्त्रांच्या संग्रहासाठी ओपन फिलाटेली हा गट फार सोयीचा आहे. तिथे निम्म्यापर्यंत टपालाबाहेरचं साहित्य चालतं: सुताची लडी, काठाचा नमुना, नक्षीचा आलेख, जुनी विक्रीपावती. कापड जाड असेल तर ते फ्रेममध्ये बसेल का ते आयोजकांना आधी विचारा.

१७. मुलांना या छंदाकडे वळवायचं आहे. काही योजना आहे का?

आहे. दीन दयाळ स्पर्श ही टपाल खात्याची शिष्यवृत्ती २०१७ पासून सुरू आहे, सहावी ते नववीच्या मुलांसाठी, वर्षाला ६,००० रुपये. त्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व किंवा स्वतःचा पीडीए लागतो (प्रश्न ३), आधीच्या वर्षी चांगले गुण लागतात आणि प्रश्नमंजुषा व प्रकल्प असतो. प्रकल्पासाठी वस्त्रकला हा सुरेख विषय आहे, कारण मूल घरातली साडी हातात घेऊन कव्हरशी ताडून पाहू शकतं. मुलांना सुरुवातीला महाग अल्बम देऊ नका. एक भिंग द्या आणि प्रश्न ८ मधल्या खुणा शोधायला सांगा.

१८. एकाच कलेवर दोन वेगवेगळी कव्हरं निघाली आहेत. कोणतं खरं?

दोन्ही. एखाद्या कलेवर आधी प्रदर्शनात कव्हर निघालेलं असतं आणि नंतर जीआयच्या निमित्ताने दुसरं. तारीख, कार्यालय आणि शिक्का वेगळा असेल तर त्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. शिक्का तोच आणि पाकिटाचा रंग किंवा मजकूर वेगळा असेल तर ते एकाच कव्हरचे दोन प्रकार. अशी जोडी पानावर वर-खाली लावा. कित्येकदा दुसऱ्या कव्हरमध्ये पहिल्यातली चूक सुधारलेली सापडते.

१९. आमच्या गावच्या विणकरांवर स्पेशल कव्हर काढता येईल का?

येईल. संस्थेने किंवा विणकरांच्या सहकारी सोसायटीने आपल्या सर्कलच्या मुख्य पोस्टमास्तर जनरलकडे अर्ज करायचा. कला काय, निमित्त काय, कव्हर आणि शिक्क्याचा आराखडा, हव्या असलेल्या प्रती आणि तारीख, असा मजकूर त्यात हवा. शुल्क आणि छपाईचा खर्च बहुधा अर्जदाराचा. जीआय नसेल तरी अर्ज करता येतो. नेमके नियम आणि दर जवळच्या फिलाटेलिक ब्युरोत विचारा आणि तारखेच्या बऱ्याच आधी सुरुवात करा, कारण आराखड्याच्या मंजुरीला वेळ लागतो.

आराखड्याबाबत आग्रहाने सांगतो. मॉडेलने नेसलेल्या साडीऐवजी माग, हात आणि सांधा दाखवा. शिक्क्यासाठी नक्षीतला एकच मोठा, ठसठशीत आकार घ्या, पूर्ण पदर छोट्या ठशात उतरत नाही. मागच्या मजकुरात तंत्राचं नाव स्थानिक बोलीत लिहा आणि विणकरांची नावं त्यांच्या परवानगीने घाला. छपाईला जाण्याआधीचा नमुना प्रत्यक्ष माग चालवणाऱ्या दोन-तीन जणांना दाखवा. प्रश्न ८ मधल्या चुका त्यांना एका नजरेत दिसतात. विमोचन शहरातल्या सभागृहात न करता गावच्या टपाल कार्यालयाच्या नावाने करा, म्हणजे शिक्क्यात गावाचं नाव आणि पिन येईल. आणि मागांवर काम करणाऱ्या प्रत्येक घरासाठी एक प्रत आधीच बाजूला काढून ठेवा. त्या तारखेचा शिक्का दुसऱ्या दिवशी मारून मिळत नाही.